की लागली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही: स्वस्त सॉफ्टवेअरच्या जाहिराती आणि पुन्हा पुन्हा येणारं 'ॲक्टिव्हेट विंडोज'

"भाऊ, ते कोपऱ्यातलं अक्षर पुन्हा आलं."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं आणि डीटीपीचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून माणसं येतात, भाजीच्या थैलीत लॅपटॉप असतो, आणि हे वाक्य कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकू येतंच. अक्षर म्हणजे स्क्रीनवर उजवीकडे खाली फिकट उमटणारं 'ॲक्टिव्हेट विंडोज'. तीन-चार महिन्यांमागे फेसबुकवरची जाहिरात पाहून चार-पाचशे रुपयांत की, म्हणजे विंडोज चालू करायचा कोड, घेतलेली असते. की लागलेली असते, अक्षर गेलेलं असतं, माणूस खूश झालेला असतो. आता अक्षर परत आलं आणि विकणाऱ्याचा नंबर लागत नाही. मग तो काय करतो? दुसरी जाहिरात शोधतो. फ्लेक्स छापणाऱ्या एका पोट्ट्यानं अशी तीनदा की घेतली. तिन्ही वेळचे पैसे वाया गेले, आणि त्याला मुळात एक रुपयाही द्यायची गरज नव्हती. ते कसं, ते पुढे सांगतो.

आधी मूळ घोळ. "लागली की राजेहो, म्हणजे खरीच असंल ना," असं प्रत्येक जण म्हणतो. कपाशीच्या मुलखात हे समजावायला मला फार बोलावं लागत नाही. मृगाच्या आधी चोरबीटीची, म्हणजे बिनपरवाना कपाशी बियाण्याची, पाकिटं फिरतात. बिल नाही, पाकिटावरच्या लॉट नंबरला अर्थ नाही, देणारा अंधार पडल्यावर मोटारसायकलवर येतो. पेरलं की उगवतं. उगवण्यावरून कोणालाच काही कळत नाही. खोट असली तर ती बोंडं धरायच्या वेळी कळते, आणि तोवर पाकीट देणारा कुठल्या कुठं गेलेला असतो. कृषी विभागाकडं तक्रार करायला जावं तर पहिला प्रश्न येतो, बिल कुठंय?

सॉफ्टवेअरची की ही अशीच उगवते. पंचवीस अक्षरांची की टाकली, कंपनीच्या सर्व्हरनं त्या क्षणी 'हो' म्हटलं, एवढाच ॲक्टिव्हेशनचा अर्थ. ती वापरायचा हक्क तुम्हाला कोणी दिला, हा प्रश्न वेगळा. सर्व्हर आज हो म्हणतो आणि चार महिन्यांनी तीच की बंद यादीत टाकतो.

मग ही की येते कुठून? प्रकार बरेच आहेत. मोठ्या कंपन्या, कॉलेजं एकाच कीवर शेकडो मशीन चालवायची परवानगी घेतात. त्या कीवर ठरावीक वेळा ॲक्टिव्हेशन होतं. अशी एखादी की बाहेर फुटते आणि तीच पन्नास जणांना विकली जाते. काही की सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना चाचणीसाठी मिळालेल्या असतात, त्या विकायला परवानगीच नसते. काही चोरीच्या कार्डावर घेतलेल्या असतात, कार्डवाल्यानं बँकेत तक्रार केली की की मेली. आणि एका प्रकारात तर तुमच्या नावाची कीच नसते. विकणारा एक छोटी फाईल चालवायला सांगतो, ती तुमच्या पीसीला अनोळखी सर्व्हरशी जोडून देते. मोठ्या ऑफिसांत एकाच सर्व्हरवरून सगळे पीसी ॲक्टिव्हेट करायची केएमएस नावाची सोय आहे, तिचा हा गैरवापर. केएमएसचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचंच असतं आणि त्या मुदतीत पीसीला सर्व्हर पुन्हा सापडावा लागतो. तो बंद पडला की अक्षर परत. "सहा महिन्यांनी येते" असं सांगत जे गिऱ्हाईक येतं, त्याच्याबाबतीत माझा पहिला संशय यावरच असतो.

आपल्या मशीनमध्ये काय आहे, ते आधी बघा

दुकानात येण्याआधी घरीच करता येतं. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा. छोटी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत 'एसएलएमजीआर', एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि लगेच 'एक्सपीआर' लिहा, एंटर दाबा. 'पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड' आलं तर मुदत नाही. पुढची एखादी तारीख आली आणि सोबत 'व्हॉल्यूम' शब्द असला, तर घरच्या मशीनवर तो यायलाच नको.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण फुटलेली कॉलेजची कीसुद्धा 'पर्मनंटली' दाखवते. त्याच खिडकीत 'एक्सपीआर'च्या जागी 'डीएलआय' लिहून पुन्हा एंटर दाबा. आता येणाऱ्या चौकटीत 'चॅनल' हा शब्द शोधा. 'ओईएम' म्हणजे लॅपटॉपसोबत कंपनीनंच दिलेलं. 'रिटेल' म्हणजे सुटं विकत घेतलेलं. 'व्हॉल्यूम' म्हणजे संस्थेला एकगठ्ठा दिलेलं, आणि तुमचं कृषी केंद्र किंवा फोटो स्टुडिओ तर ती संस्था नाही. 'रिटेल' दिसलं म्हणूनही हुरळून जाऊ नये. चाचणीच्या आणि चोरीच्या कार्डाच्या की रिटेलच दिसतात. तिथं शेवटी बिलच बोलतं.

एररचा नंबर आला असेल तर फोटो काढून ठेवा. शेवटी 'सी००४सी००३' असेल तर की कंपनीनं बंद केलीय. 'सी००४सी००८' म्हणजे तीच की ठरल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली. 'सी००४एफ०७४' म्हणजे पीसी त्या केएमएस सर्व्हरला शोधतोय आणि तो सापडत नाही. या तिन्हींत तुमचं मशीन बिघडलेलं नसतं. फॉरमॅट मारून काही होणार नाही, उगाच पैसे घालवू नका.

फ्लेक्सवाल्याचं प्रकरण

त्याचा लॅपटॉप यवतमाळच्या एका दुकानातून घेतलेला, विंडोज होम, म्हणजे विंडोजची घरगुती आवृत्ती, आतच असलेला. अशा लॅपटॉपची की मदरबोर्डमध्येच लिहिलेली असते. पुढं व्हायरस आला म्हणून त्यानं कोणाकडून तरी फॉरमॅट मारून घेतला, आणि त्या मेकॅनिकनं आपल्या पेनड्राइव्हवर होतं ते विंडोज प्रो, म्हणजे वेगळीच आवृत्ती, टाकून दिलं. मदरबोर्डमधली की होमची, वर बसवलेलं प्रो. त्यामुळं अक्षर आलं. पोट्ट्याला वाटलं लायसन्स संपलं. तीन की घेतल्या, तिन्ही प्रोच्या.

उपाय साधा होता. फाईली बाहेर काढल्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह फुकट बनवला, विंडोज होम टाकलं, नेट जोडलं. की न टाकता ॲक्टिव्हेट झालं. तो म्हणे, "मंग आधी काऊन नाही सांगितलं कोनं?" सांगणार कोण, आधीचा मेकॅनिक? त्याच्या पेनड्राइव्हवर एकच विंडोज आहे, तेच तो सगळ्यांना देतो. आमच्या धंद्यातल्या लोकांचं हे काम मला अजिबात पटत नाही, गिऱ्हाइकाला जाहिरातीच्या दारात आम्हीच नेऊन सोडतो. लॅपटॉप ब्रँडेड असेल तर की विकत घ्यायच्या आधी हे एकदा तपासून घ्या. डब्यावर किंवा बिलावर 'विंडोज होम' लिहिलेलं असतं. जुन्या मशीनच्या पोटाखाली स्टिकर असतं.

असाच दुसरा फुकटचा माल विंडोज ११ चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि रील्सवर 'विंडोज ११ अपग्रेड, आज फक्त ३९९' सुरू झालं. तुमचं १० खरं असेल आणि मशीन ११ च्या अटींत बसत असेल, तर ११ चं अपग्रेड मायक्रोसॉफ्ट फुकट देते. मशीन बसत नसेल, म्हणजे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, तर चारशेची की टाकून ते बसणार नाही. घरच्या पीसीसाठी विंडोज १० च्या सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून घेता येते, त्याची नोंदणी सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरूनच होते. मध्ये कोणी एजंट लागत नाही.

जी वस्तू कंपनी विकतच नाही

जाहिरात ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण किंमत नव्हे, तर 'लाईफटाइम' हा शब्द. आधी स्वतःला विचारा, ही वस्तू कंपनी कायमची विकते का?

फोटोशॉप घ्या. ॲडोबीनं २०१३ पासून पुढच्या आवृत्त्या महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यावर नेल्या. एकदा पैसे देऊन कायमचं मिळणारं शेवटचं फोटोशॉप सीएस६. त्यामुळं आज 'फोटोशॉपची नवी आवृत्ती, लाईफटाइम, ४९९' असं दिसलं की बाकी काही तपासायची गरजच नाही. लग्नसराईत अल्बम डिझाइन करणारे या जाहिरातीत सर्वांत जास्त सापडतात, काम डोक्यावर असतं आणि ट्रायल संपलेली असते.

'ऑफिस ३६५ लाईफटाइम, पाच डिव्हाइस' हा त्याहून वाईट प्रकार आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ हे महिना-वर्षाचंच असतं. एकदा घेऊन टाकायचं ऑफिस वेगळं, त्याच्या नावात २०२१, २०२४ असं साल असतं. ३६५ च्या नावाखाली तुम्हाला एक ईमेल आणि पासवर्ड येतो. ते खातं कुठल्या तरी संस्थेच्या नावानं उघडलेलं असतं आणि त्याचा मालक विकणारा असतो. तो ते कधीही बंद करू शकतो, आणि त्या खात्याच्या वनड्राइव्हमध्ये तुम्ही जे ठेवाल ते त्याला उघडता येतं. एका शिक्षकानं त्यात शाळेतल्या पोरांच्या आधारची यादी ठेवली होती. माझं तोंडच बंद झालं. तुम्ही असं खातं टाकलं असेल तर सेटिंगमध्ये 'अकाउंट्स' आणि त्यात 'ॲक्सेस वर्क ऑर स्कूल' उघडा. अनोळखी नाव दिसलं की आधी फाईली बाहेर काढा आणि मग ते तोडा.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एकच खूण. तारीख टाकताना महिन्याची १, २ आणि ३१ सोडून दुसरी घेत नसेल, तर तुमचं टॅली 'एज्युकेशनल मोड'मध्ये गेलंय, म्हणजे त्याला लायसन्स सापडत नाही. नेट गेल्यामुळं किंवा मशीन बदलल्यामुळंही असं होतं. पण स्वस्तातलं 'फुल व्हर्जन' घेतलं असेल तर कारण शोधत बसू नका. हंगामात खत-बियाण्याची बिलं अडकतील म्हणून कृषी केंद्रवाले रात्री अकराला फोन करतात, आणि त्या घाईत पुन्हा तीच जाहिरात उघडतात.

पैसे टाकायच्या आधी मोबाईलवर पाच मिनिटं

जाहिरात फेसबुकवर असेल तर त्या पेजच्या माहितीत 'पेज ट्रान्सपरन्सी' बघा. पेज कधी बनलं, नाव कितीदा बदललं, चालवणारे कोणत्या देशात, हे तिथं दिसतं. कालपर्यंत 'भक्ती स्टेटस' असलेलं पेज आज 'सॉफ्टवेअर डील' झालेलं मी पाहिलंय. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' असतं. टेलिग्रामवर सदस्यांच्या आकड्याला काही किंमत देऊ नका. तिथं एकच बघा, खाली कोणाला उलट लिहिता येतं का. तक्रार लिहायची जागाच बंद ठेवलेली असते आणि वर 'थँक्यू भाई, काम झालं'चे स्क्रीनशॉट ओळीनं लावलेले असतात.

नंतर त्याला जीएसटीचं बिल मागा. बहुतेक जण इथंच गळतात, "बिल लागत असेल तर १८ टक्के वेगळे" म्हणतात किंवा ब्लॉक करतात. जीएसटी नंबर दिलाच तर तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं पॅनची. जीएसटी पोर्टलवर लॉगिन न करता 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये तो टाका. नाव येईल, नोंदणी चालू आहे की रद्द तेही येईल. पण भामटे दुसऱ्याचा खरा नंबर उचलून छापतात, म्हणून पोर्टलवरचं नाव आणि यूपीआयवर पैसे टाकताना दिसणारं नाव जुळतं का, ते पाहा. जाहिरातीत 'टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड' आणि यूपीआयला कोण्या पोरीचं वैयक्तिक खातं, असं असेल तर तिथंच थांबा. ती पोरगीही बहुधा खातं भाड्यानं देऊन अडकलेली असते, तो वेगळाच विषय.

आणि माल कसा येतो ते बघा. खरी की बिलासोबत येते किंवा कंपनीच्या तुमच्या खात्यात जमा होते. व्हॉट्सॲपवर झिप फाईल आली, तिला '१२३४' असा पासवर्ड आहे आणि "आधी अँटीव्हायरस बंद करा" असा निरोप आहे, तर ती उघडू नका. पासवर्ड एवढ्यासाठीच असतो की अँटीव्हायरसला आत पाहता येऊ नये. 'विंडोज आणि आर दाबा, आम्ही पाठवलेली ओळ पेस्ट करा, एंटर मारा' असं कोणी सांगितलं तर अजिबात नाही. मी वर जी खिडकी उघडायला सांगितली तीच ही. आपल्या हातानं दोन शब्द टाइप करणं वेगळं आणि दुसऱ्याची लांबलचक ओळ न वाचता पेस्ट करणं वेगळं. एनीडेस्क या दूरून मशीन चालवायच्या ॲपवर मशीन ताब्यात देणं तर त्याहून पुढचं.

चालवून बसलो, आता?

फक्त की टाकली असेल आणि फाईल चालवली नसेल, तर नुकसान पैशापुरतं. फाईल चालवली असेल तर नेट लगेच तोडा. त्या मशीनवरून पासवर्ड बदलू नका, दुसऱ्या मोबाईलवरून बदला, आधी ईमेलचा, मग बँकेचा, आणि 'सगळीकडून लॉगआउट' करा. कारण पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेलं सगळं एका झटक्यात उचलतात. मग 'विंडोज सिक्युरिटी'त व्हायरसच्या सेटिंगमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' बघा. तिथं सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर लिहिलेलं असेल, तर त्या फाईलनं अँटीव्हायरसला तिकडं बघायला मनाई करून ठेवलीय. ते काढून पूर्ण स्कॅन मारा. मला विचाराल तर मी अशा मशीनवर स्कॅनवर भागवत नाही. फक्त कागदपत्रं आणि फोटो बाहेर काढतो, प्रोग्रॅम एकही नाही, आणि नव्यानं विंडोज टाकतो. सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी तर यात कंजूषी करूच नये. त्यांच्या मशीनला बोटाचे ठसे घेणारं यंत्र लागलेलं असतं, डिजिटल सहीचा टोकन असतो, आणि अख्ख्या गावाचे सातबारे आणि पासबुकं स्कॅन होऊन त्यातच पडलेली असतात.

पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. जितकं लवकर तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त. "चारशे रुपयांसाठी कोण फोन करते?" हे मी नेहमी ऐकतो. चारशेसाठी कोणी करत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून तर भाव चारशे ठेवलाय. पोलिसांत गेलो तर आपल्यालाच पकडतील अशीही भीती असते. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब आहे, पण ते जाणूनबुजून नकली प्रत वापरणाऱ्याला लागतं. खरी समजून पैसे मोजलेले तुम्ही फसवले गेलेले आहात, तसंच सांगा. मात्र कळल्यानंतरही तीच वापरत राहिलात, तर मी तुमची बाजू घेणार नाही.

मग वापरायचं काय? पत्रं आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिब्रेऑफिस फुकट आहे, मराठी युनिकोड त्यात नीट चालतं. अँटीव्हायरस विंडोजमध्ये आतच असतो. फोटोच्या किरकोळ कामाला गिंप, डिझाइनला इंकस्केप. फ्लेक्सवाले मात्र कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर सोडत नाहीत, गिऱ्हाइकाची फाईल कोरलमध्येच येते, आणि त्यांचं खरं आहे. त्यांनी ते अधिकृत विक्रेत्याकडून बिलावर घ्यावं, धंद्याचा खर्च म्हणून. प्लॉटरच्या शाईला हजारो रुपये देताना कोणी घासाघीस करत नाही, पण सॉफ्टवेअरला पैसे द्यायचं म्हटलं की हात आखडतो.

कबूल करतो, दुकान नवीन होतं तेव्हा मीही अशी एक की घेतली होती आणि गिऱ्हाइकाच्या मशीनला लावली होती. ती अडीच महिने टिकली. त्याचे पैसे मी परत दिले आणि तो माणूस अजूनही येतो, पण दर वेळी विचारतो, "या खेपी पक्की आहे ना?"

तर मशीन घेऊन येणार असाल तर सोबत हे आणा: लॅपटॉपचं मूळ बिल सापडलं तर, विकणाऱ्याचा मेल किंवा चॅट डिलीट न करता, आणि पैसे टाकल्याचा यूपीआयमधला बारा आकडी यूटीआर नंबर. आणि चार्जर आणा. दर बाजारी कोणी ना कोणी लॅपटॉप आणतो आणि चार्जर घरी ठेवतो. त्यात लाइन गेली की माझंही काही चालत नाही.